जप्त टोपी परत मिळणेबाबत

गच्चीवर संत्र्याची सालं वाळत घालताना पुष्पलताबाईंचा पाय घसरला, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, आणि गोलूच्या टोपीचं प्रकरण मुकुंदरावांच्या टेबलावर आलं. टेबल म्हणजे आता जेवणाचंच. कचेरीतलं टेबल सुटून बरेच दिवस झाले होते, पण आलेलं प्रकरण निकाली काढल्याशिवाय अन्न गोड लागत नाही, ही खोड तेवढी राहिली होती. खरं सांगायचं तर नोकरीत असताना अन्न चांगलं गोड लागायचं आणि प्रकरणं तशीच पडून असायची, पण निवृत्त माणसाला स्वतःबद्दल चार चांगल्या गोष्टी आठवण्याचा हक्क आहे.

गोलू हा त्यांचा नातू, मधुवंतीचा मुलगा. त्याची पहिली संक्रांत, म्हणून बोरन्हाण आजोळी, नंदनवन वस्तीत, करायचं ठरलं होतं. पुष्पलताबाईंच्या माहेरची रीत अशी की पहिल्या बोरन्हाणाचं काळं झबलं आणि काळी टोपी आजोळी हातानं विणायची. झबलं विणून झालं होतं. टोपीची लोकर आणून ठेवली होती. आणि मग ती सालं.

बातमी कळताच कन्हानहून, मधुवंतीच्या सासरहून, विहीणबाईंचा फोन आला. चारुशीलाबाई मनानं वाईट नाहीत, पण मदत करायला इतक्या तत्पर की समोरच्याला आपण अपंग झाल्यासारखं वाटावं.

"तुम्ही कायले जिवाले त्रास करून घेता?" त्या म्हणाल्या. "मी मागवली न टोपी ऑनलाइन. काळीच आहे. अन् वरून मांजरीचे कान आहेत त्याले!"

"हो का? छान," असं म्हणून पुष्पलताबाईंनी फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन, ज्यांना आवरायची काही गरज नव्हती असे डबे त्या डाव्या हातानं बराच वेळ आवरत बसल्या.

"पहिल्या बोरन्हाणाले मांजरीचे कान," शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बायकोच्या डोळ्यांतलं पाणी मुकुंदरावांना कधीच सोसलं नाही. अशा वेळी ते एकदम काहीतरी बोलून जातात आणि मग आयुष्यभर त्यात अडकतात. गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा अशीच आली होती.

"टोपी मी करतो," ते म्हणाले.

पुष्पलताबाई आधी बघत राहिल्या, मग हसायला लागल्या. प्लास्टर लागल्यापासून पहिल्यांदाच हसल्या. "तुम्ही? अहो, उशीले खोळ चढवताना तुम्हीच आत अडकले होते! बस करा बाप्पा, हसू येऊन राहिलं न हात दुखून राहिला."

मुकुंदरावांनी मनाशी ठरवलं की टोपी होणार, आणि या बाईला एक शब्दही न विचारता होणार.

गल्लीच्या टोकाला यमुताई राहतात. अर्ध्या नंदनवनाला त्यांनी क्रोशे शिकवलं आहे आणि उरलेल्या अर्ध्याला नावं ठेवली आहेत. मुकुंदराव लोकरीची पिशवी स्वेटरखाली लपवून त्यांच्याकडे गेले. यमुताईंनी पिशवीत डोकावून कपाळाला हात लावला.

"काळी लोकर? अरे मुकुंदा, शिकायले काळी लोकर कोणी घेते का? टाका दिसत नाही त्यात. पांढरी घे, हात बसू दे, मग काळी घे."

"यमुताई, आधी कच्चा आणि मग पक्का असं करायला वेळ नाही. संक्रांत तोंडावर आहे. मी एकदम पक्काच करतो."

ज्यांनी कधी क्रोशे केलं आहे त्यांना इथेच हसू येईल. काळ्या लोकरीत टाका शोधणं म्हणजे वीज गेल्यावर काळं मांजर शोधणं. पण संक्रांतीला काळंच लागतं, आणि घरात आलेली लोकर काळीच होती, आणि माणूस मुकुंदराव होता.

यमुताईंनी साखळी शिकवली, खांब शिकवले. साखळी म्हणजे सुईनं काढलेली फासावर फास अशी ओळ, आणि खांब म्हणजे त्यावर उभे राहणारे टाके. साखळीचं कडं करायचं, त्यात खांब भरायचे आणि गोल गोल फेऱ्या घेत जायच्या. मुकुंदरावांच्या बोटांना पहिल्या दिवशी पेटके आले. दुसऱ्या दिवशी दोन खांब उभे राहिले, तेव्हा त्यांना पदोन्नतीच्या वेळीही झाला नव्हता एवढा आनंद झाला.

"आता ध्यानात ठेव," यमुताई म्हणाल्या, "दर फेरीले खांब वाढवत जायचे. नाही वाढवले तर लगेच वाटी होते. पुढचं उद्या सांगतो."

आणि उद्या यमुताई नव्हत्याच. सकाळी पुतण्या गाडी घेऊन आला आणि त्यांना पारशिवनीला शेतावर हुरडा खायला घेऊन गेला. मोबाईल त्यांच्याजवळ आहे, पण झिजू नये म्हणून त्या तो बंद ठेवतात.

राहिला तो एकच आदेश, दर फेरीला वाढवत जायचं. कधी थांबायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. आता तुम्ही-आम्ही असतो तर टोपी डोक्याएवढी झाली की थांबलो असतो. पण मुकुंदरावांनी अख्खी नोकरी वरच्या आदेशाशिवाय काही सुरू न करता आणि वरच्या आदेशाशिवाय काही बंद न करता केली होती. ते वाढवत गेले.

काळे टाके दिसायला ऊन लागतं, म्हणून जागा ठरली गच्चीची. जेवण झालं की "जरा ऊन घेतो, ड जीवनसत्त्व कमी आहे," असं सांगून ते वर जायचे आणि पाण्याच्या टाकीमागे, प्लास्टिकनं झाकून ठेवलेल्या कूलरला टेकून बसायचे. संक्रांतीचे दिवस, साऱ्या गच्च्यांवर पोरं पतंग उडवत होती, 'ओ काट'च्या आरोळ्या चालू होत्या, आणि टाकीमागे मुकुंदराव मान खाली घालून खांबावर खांब उभारत होते.

ही गोष्ट शेजारच्या चंपतरावांना कळली नसती तर नवल. चंपतराव मूळचे पारशिवनीकडचे. शेती भावाला दिली, सल्ला द्यायचं काम तेवढं स्वतःकडे ठेवलं. ते कठड्यावरून वाकून पाहायला लागले.

"काय हाये गा हे मुकुंदभाऊ?"

"टोपी आहे. कोणाला सांगू नका."

"कोणाले सांगतो मी?" चंपतराव दुखावल्या स्वरात म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत ज्यांना ऐकू येतं त्या सगळ्यांना कळलं होतं. फक्त पुष्पलताबाईंना कोणी सांगितलं नाही. गुपित ठेवणं म्हणजे ज्याच्यापासून ते ठेवायचं त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगणं, असा चंपतरावांचा समज आहे आणि तो ते प्रामाणिकपणे पाळतात.

माप काय घ्यावं हा प्रश्न होता. गोलू कन्हानला, टोपी नंदनवनात. चंपतरावांनी घरातून नारळ आणला. "एवढंच राह्यते पोराचं डोकं." दोन दिवसांनी टोपी नारळाच्या पुढे गेली तेव्हा त्यांनी नारळ परत नेला आणि कोहळं आणलं. "तुमच्या घरचं पोरगं हाये, डोकं मोठंच असन." मग कोहळंही मागे पडलं. चंपतराव बराच वेळ विचार करत उभे राहिले आणि म्हणाले, "आता मापाले मलेच बसवा."

मुकुंदरावांच्या मनात शंका येत नव्हती असं नाही. पण शंका आली की ते पुढची फेरी घालायचे. एव्हाना त्यांना ते काम मनापासून आवडायला लागलं होतं, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. ऊन पाठीवर यायचं, सुई आपोआप चालायची, आणि डोक्यातली कटकट कुठेतरी निघून जायची.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, दुपारी, गल्लीत जीप आली. नायलॉन मांजावर बंदी आहे आणि तो शोधायला पथकं फिरतात, हे पेपरात रोज येत होतं. कोणीतरी फोन करून कळवलं होतं की अमुक गच्चीवर एक म्हातारा रोज टाकीमागे लपून काळा धागा गुंडाळतो. पथकप्रमुख बळीराम आणि दोन माणसं जिना चढून आली. मुकुंदराव सुईसकट सापडले. बळीरामनं तक्रार वाचून दाखवली तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त 'म्हातारा' हा शब्द लागला.

"काका, हे काय करून राहिले?" बळीरामनं विचारलं.

"खासगी काम आहे," मुकुंदराव म्हणाले.

बळीराम भला माणूस होता. त्यानं लोकरीचं टोक बोटांत धरून पाहिलं. "लोकर दिसते. चला रे." तो निघालाच होता. इथे मुकुंदराव गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांचा स्वाभिमान दुखावला होता, आणि दुखावला की त्यांच्यातला कारकून जागा होतो.

"असं कसं जाता?" ते म्हणाले. "तुम्ही माझ्या घराची झडती घेतली आहे. त्याचा रीतसर पंचनामा झाला पाहिजे. उद्या गल्लीत लोक म्हणतील, यांच्या घरी मांजा सापडला. मला लेखी हवं."

बळीराम नाइलाजानं परत आला. रीतसर म्हटल्यावर तपासणीही रीतसर आली. त्यानं धाग्याचा तुकडा काडीनं पेटवला. लोकर जळून राख व्हायला हवी होती. ती नायलॉनसारखी वितळली, आणि तिच्या टोकाला टणक मणी तयार झाला. दुकानदारानं लोकर म्हणून दिलेला गुंडा निघाला निव्वळ कृत्रिम धाग्याचा.

"साहेब, वितळून राहिला!" पथकातला एक जण ओरडला, आणि आजूबाजूच्या गच्च्यांवरचे पतंग आपोआप खाली आले. सगळं नंदनवन कठड्यांवर गोळा झालं. चंपतरावांच्या गोपिकाबाईंनी तर पथकासाठी चहा ठेवला.

"आता पंचनामा करावाच लागन काका. वस्तूचं नाव सांगा."

मुकुंदराव कूलरवरचं प्लास्टिक नीट करायला लागले.

"तुम्हीच म्हणाले लेखी पायजे."

"टोपी," मुकुंदराव हळूच म्हणाले.

"जरा जोरात सांगा."

"टोपी!"

बळीरामनं ती वस्तू दोन्ही हातांनी उलगडली. परातीएवढी, काळी, गोल, मधे थोडीशी फुगलेली. "कोणाची?"

"नातवाची."

"नातू काय करते?"

"रांगतो."

नंतर गच्च्यांवर जे हसणं उठलं ते मुकुंदरावांना नीट आठवत नाही. त्यांना आठवतं ते एवढंच, की जिन्याच्या दारात पुष्पलताबाई उभ्या होत्या, प्लास्टरचा हात गळ्यात बांधलेला, आणि त्या एकट्या हसत नव्हत्या.

गुंडा जप्त झाला. धागा कापला तर सगळं उसवेल या भीतीनं मुकुंदरावांनी तो कापू दिला नाही, म्हणून गुंड्यासोबत टोपी आणि टोपीसोबत सुई, असं सगळं लटांबर एका प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद होऊन जीपमधून गेलं.

संध्याकाळी चंपतराव समजूत घालायला आले. "बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालते न गा. पुढं ढकला."

"जावईबापूंना उद्याचीच सुट्टी आहे," पुष्पलताबाई म्हणाल्या. "अन् विहीणबाईंची टोपी तयार आहे." मग त्या मुकुंदरावांकडे वळल्या. मुकुंदराव मान खाली घालून बसले होते. आता ही काय म्हणेल, उशीच्या खोळीची आठवण काढेल का, असं त्यांना वाटत होतं. "स्वेटर घाला. त्या पथकाचं कार्यालय अजून उघडं असेल. चला."

"काहून? काय करायचं आहे आता तिथं जाऊन?" संतापले किंवा लाजले की मुकुंदरावांची कचेरीची मराठी सुटते. "मले नाही जायचं. साऱ्या गावात हसू झालं माझं."

"माझ्या नातवाची टोपी पिशवीत बांधून पडली आहे," पुष्पलताबाई म्हणाल्या. "तुम्ही अर्ज लिहा. माझा हात चालत नाही."

मुकुंदरावांनी अर्ज लिहिला. विषय : जप्त टोपी परत मिळणेबाबत. तो इतका सुरेख, इतका मुद्देसूद होता की त्या कार्यालयात बळीरामनं तो दोनदा वाचला आणि साहेबांकडे पाठवण्याआधी शेजारच्या टेबलावर दाखवून आणला. साहेब बैठकीत होते. बाकावर बसा, बळीराम म्हणाला. दोघं बाकावर बसली, आणि 'वस्तूची ओळख पटवणे' या सदराखाली बळीरामनं पिशवीचं सील तोडून टोपी पुष्पलताबाईंच्या मांडीवर ठेवली.

त्या ती पहिल्यांदाच जवळून पाहत होत्या. डाव्या हातानं त्यांनी ती उलटली, सुलटली, दिव्याखाली धरली, एकेका फेरीवरून बोट फिरवलं. मुकुंदराव समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"खांब एकसारखे आले आहेत हो," त्या म्हणाल्या. "काळ्या धाग्यात मला नाही येत असे."

मुकुंदरावांच्या नोकरीत त्यांच्या कामाला बरं म्हणणारा साहेब कधी भेटलाच नव्हता. त्यांना एकदम भरून आलं. त्यांनी पंख्याबद्दल काहीतरी तक्रार केली. थंडीचे दिवस, पंखा बंद होता.

"पण वाढवणं कुठं थांबवलं तुम्ही?"

"थांबवायचं असते?"

पुष्पलताबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि खांदे हलायला लागले. या वेळी मुकुंदरावांना राग आला नाही. थोड्या वेळानं तेही हसायला लागले, आणि बळीरामला वाटलं, टोपी गेल्याच्या दुःखानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

"उसवू?" मुकुंदरावांनी विचारलं.

"उसवायले वेळ कुठे आहे? इथून वाढवू नका, सरळ खाली या. घ्या सुई."

तर त्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, पुष्पलताबाई सांगत गेल्या आणि मुकुंदराव विणत गेले. साहेबांची बैठक लांबली ते बरंच झालं. शेवटचा टाका आवळला तेव्हा साहेब बाहेर आले, त्यांनी टोपी पाहिली, गुंड्याचा उरलेला धागा ओढून पाहिला, तो दोन बोटांत तुटला, आणि ते बळीरामवर खेकसले, "यानं पतंग कटेल? यानं पापड कटणार नाही. देऊन टाका!"

संक्रांतीच्या दुपारी पाटावर गोलू बसला. काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याची कडी. तीळगुळाचं ताट फिरत होतं, गल्लीतली पोरं लुटायला दबा धरून बसली होती. चारुशीलाबाईंनी मांजरीच्या कानांची टोपी मोठ्या हौसेनं काढली. गोलूच्या डोक्याला ती घट्ट झाली. खेचून बसवली तर त्यानं असा टाहो फोडला की अंगणातली चिमण्यांची फौज उडाली. टोपी निघाली आणि पहिली ओंजळ डोक्यावर आली. चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे. एक बोर नेमकं टाळूवर बसलं. गोलू काळानिळा झाला. मधुवंती घाबरली, चारुशीलाबाई मांजरीचे कान हातात घेऊन उभ्या राहिल्या, पोरं हिरमुसली.

"राहू द्या हो," कोणीतरी म्हणालं. "नसेल होत तर उचला त्याला."

मुकुंदराव दाराशी उभे होते. टोपी त्यांच्या स्वेटरच्या आत होती. ती बाहेर काढायची त्यांची हिंमत नव्हती. काल सगळ्या गल्लीनं तिला हसून घेतलं होतं.

पुष्पलताबाई त्यांच्यासमोर आल्या आणि डावा हात पसरला. "द्या."

त्यांनी टोपी गोलूच्या डोक्यावर ठेवली. ती कानावरून, डोळ्यांवरून, हनुवटीवरून उतरत थेट खांद्यांवर जाऊन बसली. गोलू त्यात नाहीसाच झाला. रडणं बंद झालं. सगळे पुढे वाकले. मुकुंदरावांच्या सैल हाताच्या विणीत खांबाखांबांत चांगल्या फटी होत्या, आणि त्या फटींतून दोन डोळे इकडेतिकडे बघत होते.

"भॉक!" चंपतराव म्हणाले.

आतून खिदळण्याचा आवाज आला.

"ओता!" पुष्पलताबाई ओरडल्या. मग बोरं ओतली, चुरमुरे ओतले, गोळ्या ओतल्या. सगळं त्या काळ्या घुमटावरून उड्या मारत खाली येत होतं आणि आत गोलू दर बोरागणिक खदाखदा हसत होता. पोरांनी लूट केली. चारुशीलाबाईंनीही एक ओंजळ ओतली, पुन्हा एक ओतली, आणि मग त्या मुकुंदरावांजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काहो, आतून हवाही चांगली खेळते न त्याले? आमच्या कन्हानच्या घरचा कूलर उन्हाळ्यापर्यंत तसाच उघडा राहते, त्याले एक अशी टोपी..." मुकुंदरावांनी ऐकलं नाही असं केलं.

सगळे गेले तेव्हा गोलू खाटेवर झोपला होता. टोपी काढायला गेलं की तो झोपेतही घट्ट धरायचा, म्हणून मधुवंतीनं नाद सोडला होता. त्यानं पाय पोटाशी घेतले होते आणि तो अख्खा टोपीत मावला होता. शेजारी पुष्पलताबाई बसल्या होत्या. त्यांचा डावा हात टोपीवर होता.

तेवढ्यात मुकुंदरावांचा फोन वाजला. पारशिवनीहून यमुताई बोलत होत्या.

"अरे मुकुंदा, तुले सांगायचं राहूनच गेलं बघ. हुरडा खाता खाता आत्ता आठवलं. डोक्याएवढं झालं की वाढवणं बंद करायचं बरं का! सुरू केलं का तू? केवढी झाली टोपी?"

मुकुंदरावांनी खाटेकडे पाहिलं. पुष्पलताबाईंनी तोंडावर बोट ठेवलं.

"मापाची झाली, यमुताई," ते हळू आवाजात म्हणाले. "अगदी मापाची झाली."